आजोबांची काठी, मनीच्या मिशा

मी सात वर्षांची असताना आमच्या मनीच्या मिशा कापल्या. डाव्या बाजूच्या, सगळ्या. माझा चित्रकलेचा ब्रश झडून गेला होता आणि मनीच्या गालांवर इतके सुंदर, टोकाकडे निमुळते होत गेलेले पांढरेशुभ्र केस होते. त्यांचा ब्रश किती छान होईल, एवढाच विचार डोक्यात. मनी उन्हात गाढ झोपली होती. कात्रीचा आवाज झाला तेव्हा तिचा कान तेवढा हलला. तिला दुखलं नाही हे मला तेव्हाही कळलं, आणि दुखलं नाही म्हणजे आपण काही वाईट केलं नाही, असा मी हिशेब मांडला.

संध्याकाळी मनी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीपाशी येऊन थांबली. ही तिची रोजची वाट. इकडून शिरायची आणि क्षणात पलीकडून बाहेर. त्या दिवशी तिने डोकं आत घातलं, मागे घेतलं, मान वळवून उजवा गाल पुढे केला, पुन्हा मागे घेतला. मग कपाटाला वळसा घालून गेली. मी ते पाहत होते, आणि पोटात काहीतरी गोळा झालं.

आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ पूर्ण गेली होती. आईने त्यांना माझा पराक्रम सांगितला. ते रागावले नाहीत. मला जवळ बोलावलं, आपली काठी माझ्या हातात दिली, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "दारापर्यंत जा." मी काठीची मूठ आवळून धरली होती. ती त्यांनी हाताने चाचपली आणि माझी बोटं सैल केली. "घट्ट धरू नकोस. घट्ट धरलीस तर तुला तुझा हातच कळेल, जमीन कळणार नाही."

मी गेले. सतरंजी कुठे संपते ते कळलं, खुर्चीचा पाय कळला, उंबरा कळला. परत आल्यावर त्यांनी काठी काढून घेतली. "आता तशीच जा." दोन पावलांवर मी थांबले. डोळे उघडले तेव्हा आजोबा म्हणाले, "तिची अर्धी काठी तोडलीस, बाळ."

ती शिक्षा मला आयुष्यभर पुरली, पण तिच्याबरोबर एक कोडंही आलं. सतरंजीची कड मला माझ्या तळहातात कळली नव्हती. ती काठीच्या टोकाशी कळली होती, जिथे मी नव्हतेच. काठी तर लाकडाची. त्या टोकाला काय कळणार?

मिशीचंही तसंच आहे. ती केसच असते, आपली नखं आणि गाईची शिंगं ज्या केराटिनची असतात त्याच केराटिनची. तिच्यात रक्त नाही, एकही चेतातंतू नाही. म्हणून तर कात्री चालली तरी मनी झोपून राहिली. जे काही घडतं ते कातडीखाली. तिथे प्रत्येक मिशीचं मूळ एका लांबट कोशात बसलेलं असतं, आणि त्या कोशात मुळाभोवती रक्ताने भरलेली एक पोकळी असते. साध्या केसाला अशी पोकळी नसते. या कोशात चेतातंतूंची टोकं दाटीने येऊन मुळाला भिडलेली असतात. उंदराच्या एकेका मोठ्या मिशीला साधारण 150 ते 200 चेतातंतू मिळतात. बाहेर मिशी कशाला तरी टेकते, किंचित वाकते आणि तो वाक तरफेसारखा मुळापर्यंत पोचतो. मूळ कोशात कलतं. काही तंतू ते किती कललं ते सांगतात, काही किती झटकन, काही कोणत्या दिशेला.

आणि कलण्याची विद्युतखूण कशी होते? तंतूंच्या आणि त्यांना चिकटलेल्या पेशींच्या आवरणात काही प्रथिनं दारांसारखी बसलेली असतात. आवरण ताणलं की दार उघडतं, भारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. स्पर्शाचं हे दार, पिएझो-2, आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने शोधलं. दाबणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं आहे. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून मिळालं. हेच दार माणसाच्या तळहातातही असतं. मनीचा गाल आणि काठी धरलेला आजोबांचा हात, दोन्हीकडे आत उघडणारं दार एकच, हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पुढची गोष्ट मेंदूतली. 1970 मध्ये थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस यांनी लहान उंदराच्या मेंदूच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यांना पेशींची वर्तुळं दिसली, वरून पाहिलेल्या पिंपांसारखी, ओळींत मांडलेली. उंदराच्या गालावर मिशांच्या पाच ओळी असतात. मेंदूतही पाच ओळी. गालावर जिथे मिशी, तिथे मेंदूत तिचं पिंप. म्हणजे उंदराच्या मेंदूत त्याच्या गालाचा नकाशा अक्षरशः काढलेला आहे. पुढे 1973 मध्ये याच दोघांनी दाखवलं की नवजात पिल्लाच्या काही मिशांची मुळंच नष्ट केली, तर त्या मिशांची पिंपं मेंदूत तयारच होत नाहीत. मेंदू गालाकडून शिकून आपला नकाशा काढतो. मनीची मुळं शाबूत होती. काही आठवड्यांनी तिच्या मिशा पुन्हा आल्या, आणि ती पूर्वीसारखी फटीतून जाऊ लागली. तोवर मी रोज तिचा गाल तपासत असे.

मिशा म्हटलं की त्या नुसत्या बाहेर काढून ठेवलेल्या तारा वाटतात, कशाला लागतील त्याची वाट पाहणाऱ्या. मांजर पाहिलेल्या कुणालाही हे खरं नाही हे माहीत असतं. निवांत बसलेल्या मांजराच्या मिशा बाजूला पडलेल्या असतात, झेप घेताना त्या सगळ्या पुढे येतात. मांजराला तोंडाजवळचं नीट दिसत नाही, त्याची नजर दूरवर चांगली. त्यामुळे भक्ष्य तोंडाशी आलं की पुढचं काम मिशांचं. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटापाशीही, मांजराला अशाच मिशा असतात. मनीच्या त्या मिशा मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

उंदीर तर मिशा सतत पुढेमागे हलवत असतो, एका सेकंदात साधारण आठ वेळा. तो जगाला सारखं विचारत असतो. मिशी फिरते, काहीतरी लागतं, मागे येते, पुन्हा फिरते. या विचारण्यातून त्याला किती कळतं? 1990 मध्ये कार्व्हेल आणि सायमन्स यांनी उंदरांना गुळगुळीत पृष्ठभाग आणि खाचा असलेला पृष्ठभाग यांतला फरक केवळ मिशांनी ओळखायला शिकवलं. खाचा 30 मायक्रॉन खोल आणि 90 मायक्रॉन अंतरावर होत्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तरी उंदरांनी त्या ओळखल्या. तुमच्या बोटाचं टोकही असे बारकावे ओळखतं. तेही आपण ते पृष्ठभागावरून फिरवलं तर. नुसतं टेकवून ठेवलेलं बोट लवकरच मुकं होतं.

यातली मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट 2007 मधली आहे. बेन मिचिन्सन, टोनी प्रेस्कॉट आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या हालचाली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. उंदराची एका बाजूची मिशी कशाला लागली की त्या बाजूच्या मिशा पुढे जाणं लगेच आवरतं, आणि दुसऱ्या बाजूच्या मिशा जास्त पुढे येतात, त्याही त्या वस्तूला भेटाव्यात म्हणून. म्हणजे शक्य तितक्या मिशा वस्तूपर्यंत न्यायच्या, पण एकीनेही दाबायचं नाही. काठी सैल धर, असं आजोबांनी मला सांगितलं होतं. उंदराला ते कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याचा गाल ते पाळतो. यामागे तरफेचं साधं गणित आहे. मिशी जोरात दाबली तर ती इतकी वाकते की वाकण्याचा अर्थ लावणं कठीण होतं. हलक्या वाकातच खूण स्वच्छ असते. मिशी टोकाकडे बारीक होत जाते तेही उगाच नाही. टोकाशी काही लागलं तर ती सहज वाकते आणि सुटते, मुळाजवळ लागलं तर ताठ विरोध करते. या फरकावरून वस्तू किती अंतरावर आहे त्याचा अंदाज येतो. चेहऱ्यापासून चार अंगुळांवर की दोन, हे एका केसाच्या वाकण्यातून कळतं.

इट्रुस्कन चिचुंद्रीचं वजन जेमतेम दोन ग्रॅम. जगातल्या सगळ्यात लहान सस्तन प्राण्यांपैकी ती एक. आपल्याच आकाराच्या रातकिड्यावर ती अंधारात झेप घेते. मायकेल ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तिच्यापुढे प्लॅस्टिकचा रातकिडा ठेवला. त्याला ना वास, ना हालचाल. तरी तिने त्याच्यावर हल्ला केला. रातकिड्याचा आकार तिला मिशांतून ओळखू येतो, निमिषात. चिचुंद्री म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण मला आता तिच्या टोकदार तोंडाकडे पाहिलं की आदरच वाटतो.

पाण्यातली गोष्ट वेगळी. तिथे स्पर्श करायला वस्तूच लागत नाही. मासा पोहत गेला की त्याच्यामागे पाण्यात भोवऱ्यांची माळ राहते, मासा दूर गेल्यावरही काही काळ फिरत असलेली. 2001 मध्ये गिडो डेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी सील या प्राण्याचे डोळे झाकले, कान बंद केले आणि एक छोटी पाणबुडी पाण्यात सोडून दिली. पाणबुडीचं यंत्र थांबल्यावर सीलला सोडलं. त्याने मिशा पुढे केल्या आणि पाणबुडी ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने तो गेला, वळणावर वळण घेत. तोंडावर जाळी चढवून मिशा दाबून टाकल्या तेव्हा मात्र त्याला माग लागला नाही. एवढं समजल्यावर मला वाटलं होतं की सीलच्या मिशा विशेष नाजूक असणार. खरं उत्तर त्याहून सुंदर आहे. कोणतीही काडी पाण्यातून ओढली की तिच्यामागे तिचेच भोवरे होतात आणि त्यांनी ती थरथरू लागते. सीलची मिशी गोल काडीसारखी नसते. ती चपटी असते आणि तिच्या कडा लाटांसारख्या वर-खाली जातात. या आकारामुळे तिचे स्वतःचे भोवरे विस्कटतात आणि सील पोहत असताना मिशी जवळजवळ शांत राहते. मग कुठे माशाच्या भोवऱ्याने ती हलते आणि ते हलणं सीलला ऐकू येतं. स्वतःचं थरथरणं आधी शमवायचं, मग दुसऱ्याचं कळतं. हेदर बीम आणि मायकेल ट्रायँटाफिलू यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये याच आकाराची काडी बनवून पाण्यात ओढली. समोर दुसरी वस्तू नसताना ती स्थिर राहिली. दुसऱ्या वस्तूच्या मागे आल्यावर मात्र तिच्या भोवऱ्यांमधून नागमोडी डोलू लागली. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्रांसाठी तशा काड्या करायची दिशा त्यातून मिळाली.

यंत्रांकडे मी अशी मिशांच्या वाटेने आले. नाहीतर रोबोंमध्ये मला काही रस नव्हता.

मिशी बनवणं वरवर सोपं दिसतं. प्लॅस्टिकची किंवा धातूची निमुळती काडी, बुडाशी लवचीक बसकण, बसकणीत छोटं चुंबक आणि त्याखाली चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर. काडी वाकली की चुंबक कलतं, क्षेत्र बदलतं, आणि किती वाकली, कुठे वाकली ते आकड्यांत मिळतं. कोशातल्या रक्ताच्या जागी रबर, चेतातंतूंच्या जागी तारा. 2006 मध्ये जोसेफ सॉलोमन आणि मित्रा हार्टमन यांनी पोलादी मिशा एका लहानशा कोरीव मुखवट्यावरून फिरवल्या आणि मुळाशी मोजलेल्या वाकण्यावरून त्या चेहऱ्याचा आकार परत उभा केला. नाक, कपाळ, गालफडं. कॅमेऱ्याने एकही चित्र न घेता.

ब्रिस्टल आणि शेफील्ड इथल्या गटांनी तर मिशा हलवणारे रोबोच बनवले. आधी उंदरावरून स्क्रॅचबॉट, मग चिचुंद्रीवरून श्रूबॉट. मिशीला काही लागलं की रोबो मान वळवून तिकडे तोंड करायचा, अगदी उंदरासारखं, म्हणजे जास्त मिशा त्या वस्तूपर्यंत जाव्यात. आणि मग असं झालं की हा रोबो अधूनमधून तोंड वळवायचा आणि तिथे काहीच नसायचं. रिकाम्या जागेकडे मोठ्या लक्षाने पाहत राहायचा.

कारण शोधलं तेव्हा कळलं की तो स्वतःच मिशा हलवत होता. काडीला वजन असतं. वेगाने फिरवली की ती स्वतःच्या वजनानेच थोडी वाकते, आणि बुडाशी बसलेल्या सेन्सरला ते वाकणं आणि वस्तूला लागल्यामुळे आलेलं वाकणं सारखंच दिसतं. रोबोला त्याचा हात कळत होता, जमीन कळत नव्हती. हे वाक्य मी ज्या दिवशी स्वतःशी म्हटलं तेव्हा मला आजोबांचा आवाज इतका स्पष्ट आला की डोळे भरले.

संशोधकांनी यावर उपाय लहान मेंदूकडून घेतला. पाठीमागे, मानेच्या वर बसलेल्या मेंदूच्या या भागाबद्दल असं मानलं जातं की तो आपल्या प्रत्येक हालचालीचा परिणाम आधीच वर्तवतो. हात हलवायचा हुकूम निघाला की त्याची एक प्रत इकडे येते, हात हलल्याने काय जाणवेल ते ठरतं, आणि आलेल्या जाणिवेतून ते वजा होतं. शिल्लक राहतं ते जगाकडून आलेलं. आपणच आपल्याला गुदगुल्या करून हसत नाही ते यामुळेच. रोबोमध्ये अशी वजाबाकी शिकणारी गणिती यंत्रणा घातली, आणि त्याची भुताटकी बरीच थांबली. मला हा भाग सगळ्या संशोधनाचा कणा वाटतो. जाणण्याचं अवघड काम स्पर्श पकडण्यात नसून त्यात आपला वाटा किती, हे ओळखण्यात आहे. सील आपल्या मिशीच्या आकाराने ते करतो, उंदीर मेंदूने, आजोबा सैल बोटांनी.

अशा मिशांचा उपयोग कुठे? धुरात, धुळीत, गढूळ पाण्यात, नळाच्या आत. जिथे कॅमेऱ्यासमोर काहीच दिसत नाही. मला स्वतःला वाटतं की यंत्रांना स्पर्श शिकवणाऱ्यांनी बोटापेक्षा मिशीकडे जास्त लक्ष द्यावं. बोटाला कळतं तेव्हा आपण तिथे पोचलेलो असतो, धडकलेलो असतो. मिशीला कळतं तेव्हा अजून जागा शिल्लक असते. माणसांजवळ वावरणारं, म्हाताऱ्यांना उठायला हात देणारं यंत्र येणारच असेल, तर त्याला आधी हा शिष्टाचार यावा. जवळ येताना आधी हलकेच विचारावं.

आपल्याला मिशा का नाहीत, म्हणजे संवेदनेच्या? बहुतेक सस्तन प्राण्यांना त्या असतात. 2011 मध्ये जीवशास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसाच्या डीएनएमधून एक तुकडा गळलेला आहे. चिंपँझीत तो आहे, उंदरातही आहे, आणि मिशांच्या मुळाशी एक जनुक चालू करायचं काम त्याच्याकडे असतं. आपल्या पूर्वजांतून तो कधीतरी निघून गेला, आणि मिशांची ही वाट बंद होण्याशी त्याचा संबंध दिसतो. नंतर कधीतरी कुणीतरी अंधारात पुढे चाचपायला एक काटकी उचलली असेल.

आजोबा गेले. मनी त्याआधीच गेली होती. आता माझ्याकडे दुसरं मांजर आहे, बोक्या, वयस्क. मिशा तशाही गळतात आणि नव्या येतात. गेल्या महिन्यात पलंगपोसावर त्याची एक मिशी मिळाली, टिपकागदासारखी पांढरी, बोटभर लांब. मी ती टाकली नाही. टेबलापाशी बसले, तिचं जाड बूड अंगठा आणि तर्जनीत धरलं, डोळे मिटले आणि टोक लाकडावरून ओढलं.

आधी काहीच कळलं नाही. मग लक्षात आलं की मी फार दाबून धरलं आहे. पकड सैल केली. लाकडाच्या रेषा जाणवल्या, बारीक, एकामागून एक, कुरकुरत. एके जागी जुनी चीर होती, ती टचकन लागली. मी हात सावकाश पुढे नेत राहिले, रेषा येत राहिल्या, आणि मग टोक हलकंच खाली झालं. टेबलाची कड आली होती.